दोन सगोत्र गाड्या

चाकांच्या वाहनाची दोन कुळे वेदकाळापासून आपल्या परिचयाची आहेत. एक रथ आणि दुसरे अनस्, ज्यास पुढे शकट हे नाव रूढ झाले. रथ हलका, घोड्यांचा, शर्यतीचा व युद्धाचा. अनस् जड, बैलांचे, धान्याचे व बिऱ्हाडाचे. उषेचे अनस् इंद्राने विपाशा नदीच्या काठी मोडून टाकल्याची हकीकत ऋग्वेदात आहे. तेव्हा देवतांसही नेहमी रथच लागे असे नव्हे. याच अनस् शब्दापासून महानस हा शब्द निघाला. कोशात त्याचे दोन अर्थ सापडतात : मोठा गाडा आणि स्वयंपाकघर. पहिला अर्थ विस्मृतीत गेला, दुसरा टिकला. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविताना गुरुजी आजही याच महानसाचा दाखला देतात. ज्या लोकांची चूल गाड्यावरून हिंडत असे त्यांच्या भाषेत गाडा आणि स्वयंपाकघर यांस एकच शब्द असावा, यात मला तरी नवल वाटत नाही. वेल्ह्याच्या रस्त्यावर एखादी जुनी डिझेल गाडी काळा धूर सोडीत चढ चढू लागली, की हे महानसाचे अनुमान मला हमखास आठवते.

मोटारीच्या जमान्यात ही दोन्ही कुळे एकत्र आणण्याचा जो उद्योग झाला, त्याचे नाव स्टेशन वॅगन. अमेरिकेत आगगाडीतून उतरलेले उतारू व त्यांच्या ट्रंका घरी किंवा हॉटेलात पोहोचविण्यासाठी लाकडी कायेच्या मोटारी असत, त्यांवरून हे नाव पडले. इंग्लंडात जमीनदारांच्या इस्टेटीवर अशाच गाड्या असत, म्हणून तिकडे त्यांस एस्टेट म्हणू लागले. नाव कोणतेही असो, मर्म एकच : पुढे मोटारीची चाल आणि मागे गाड्याचे पोट. आमच्या भोरास संस्थानाच्या काळात रेल्वे आली नाही व विलीनीकरणानंतरही आली नाही. तरी स्टेशन नसलेल्या या मुलखात स्टेशन वॅगन मात्र नांदल्या, आणि त्यांतील दोघींची तुलना करण्याचा प्रसंग आमच्या घरावर आला, म्हणून हा लेख.

आमचा पुतण्या या विषयातील शौकीन आहे. जगातील मोटारशौकिनांत या वर्गाच्या गाड्यांविषयी केवढे वेड आहे, हे मला त्याच्याकडून कळले. १९९४ साली जर्मनीच्या ऑडी कंपनीने पोर्शे कंपनीच्या साहाय्याने आर एस टू नावाची एक स्टेशन वॅगन काढली. ३१५ अश्वशक्ती, ताशी २६० किलोमीटरांवर वेग, आणि मागे मुलांची दप्तरे व भाजीच्या पिशव्या ठेवण्यास भरपूर जागा! तीन हजारांहूनही कमी गाड्या निघाल्या, त्यामुळे आज संग्राहक त्यांवर जीव टाकतात. त्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने ब्रिटनमधील मोटारशर्यतींत आपली ८५० जातीची लांबलचक एस्टेट उतरविली. शर्यतीच्या रिंगणात सामानाची गाडी पाहून प्रेक्षक हसले असतील. पण त्यापाठोपाठ त्याच जातीची २४० अश्वशक्तीची गाडी विक्रीस आली. तेव्हापासून या दोघींत सरस कोण, हा वाद शौकिनांत चालत आला आहे.

हा सारा वृत्तांत ऐकून मी पुतण्यास म्हटले, "अरे, त्याच १९९४ साली आपल्या पुण्यातूनही एक गाडी निघाली. आणि तिची स्पर्धक तिच्या आधीच रस्त्यावर होती. त्या दोघींचा वाद कोणी लिहिला आहे काय?" तो म्हणाला, "काका, त्यांचा वाद लिहीत नाहीत. त्यांचा वाद वडापच्या स्टँडवर होतो."

त्या दोघी म्हणजे टेल्कोची सुमो आणि बजाज टेंपोची ट्रॅक्स. शहरी वाचकांपैकी कोणी नाक मुरडील, की या कसल्या स्टेशन वॅगन, या तर जीपगाड्या! परंतु ज्या गाडीत नऊदहा माणसे, त्यांच्या वळकट्या, पाट्या आणि पोती एकत्र बसून डोंगर ओलांडतात, तिला हे नाव नाकारावयाचे तर ते द्यावयाचे कोणास? काटेकोरपणे बोलावयाचे तर टेल्कोने १९९२ साली एस्टेट याच नावाची खरीखुरी स्टेशन वॅगन काढली होती. दिसावयास देखणी, मर्सिडीझच्या वळणाची, काचा वरखाली करण्यास विजेची कळ असलेली. ती आणि तिची आदल्या वर्षीची बहीण सिएरा यांस आज हौशी मंडळी शोधून शोधून नवे रूप देतात. पण एस्टेट पाच जणांची. आमच्या घरी पाच जण फक्त पहिल्या पंगतीच्या एका बाजूस बसत असत.

आता गोत्राविषयी. टेल्को आणि जर्मनीची डायमलर-बेंझ यांचा मालमोटारी बनविण्याचा करार १९५४ साली झाला आणि तो पंधरा वर्षे चालला. तीन टोकांच्या ताऱ्याचे चिन्ह मिरविणाऱ्या टाटांच्या त्या मालमोटारी आमच्या पिढीने लहानपणी पाहिल्या आहेत. दुसरीकडे बजाज टेंपो ही कंपनी १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी उभारली. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे सभापती होते, आणि नवलमल स्वतः स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. टेंपो हे मूळ जर्मनीतील एका कारखान्याचे नाव. आज आपण सामान वाहणाऱ्या कोणत्याही लहान गाडीस टेंपो म्हणतो, ते या कंपनीचे भाषेवरील ऋण होय. या कंपनीने पुढे मर्सिडीझचे एक डिझेल इंजिन परवान्याने येथे बनविण्यास घेतले आणि ऐंशीचे दशक सरता सरता ते ट्रॅक्समध्ये बसविले. म्हणजे पिंपरीची एक व आकुर्डीची दुसरी, शेजारशेजारच्या गावांच्या या दोन कंपन्या, आणि दोघींच्या विद्येचे मूळ एकाच जर्मन घराण्यात. सगोत्र म्हटल्यावर सोयरीक होणे नाही; उरली ती भाऊबंदकी. ती त्यांनी यथासांग चालविली.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिलेला नाही त्यांस येथे मोटारीचा पराक्रम कशात मोजतात हे सांगितले पाहिजे. भोरहून पश्चिमेस निगुडघर, हिर्डोशी, शिरगाव करीत वरंधा घाटाने महाडास उतरणारा रस्ता पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवावा लागतो. वेल्ह्यास, ज्या तालुक्याचे नाव राजगड ठेवण्याचा निर्णय शासनाने २०२४ साली केला, पुण्याहून खानापूरमार्गे यावयाचे तर मध्ये पाबे घाट आहे. त्याची वळणे अशी की गाडीच्या पुढच्या बाकावर बसलेल्यास आपण आल्या वाटेनेच परत चाललो की काय असा भास व्हावा. वेल्ह्याहून पुढे पासलीवरून केळदपर्यंत रस्ता जातो, आणि त्यापुढे मढे घाटाची पायवाट. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला अशी परंपरा आहे. असल्या रस्त्यांवर ताशी २६० किलोमीटरांचा उपयोग नाही. येथे प्रश्न एवढाच, की बारा माणसे व सहा पोती घेऊन, आषाढाच्या पावसात, चिखलाने माखलेल्या चढावर, दुसऱ्या गिअरात गाडी रडणार की चढणार?

यास इंजिनाची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. नळकांड्यात हवा दाबून तिचा संकोच करतात, तेणेकरून ती इतकी तापते की तीत डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. यज्ञात अरणीमंथनाने अग्नी उत्पन्न करीत, तेथे घर्षण आणि येथे दाब, पण बाहेरून विस्तव न आणता अग्नी सिद्ध करावयाचा ही कल्पना तीच. ट्रॅक्सच्या मर्सिडीझ इंजिनात हवा सुमारे एकविसाव्या हिश्शात दाबली जाते आणि फवारा प्रथम एका चिमुकल्या कोठडीत पडतो. तेथे पेटून मग ज्वाला मुख्य नळकांड्यात येते. म्हणून ते इंजिन आवाजाला खणखणीत पण स्वभावाने सोशीक. कोठे विद्युत्‌यंत्राचा मेंदू नाही, कोठे नाजूक तारांचे जाळे नाही. वेल्ह्याच्या कडक थंडीत सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत वाट पाहावी लागे, तेवढाच त्याचा मान.

हे इंजिन सुमारे २४०० घन सेंटीमीटरांचे, आणि सुमोचे १९४८ घन सेंटीमीटरांचे. सुमोची शक्ती ६८ अश्वांची, ट्रॅक्सची त्याच्या आसपासच. कागदावर पाहता दोघी बहिणी सारख्या दिसतात. परंतु घाटातला माणूस अश्वशक्ती विचारीत नाही, तो ओढ विचारतो. मोठ्या पोटाचे इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरते. लहान पोटाच्या इंजिनास तोच जोर दाखविण्यास अधिक फिरावे लागते. त्यामुळे भरल्या गाडीने पाबे घाट चढताना ट्रॅक्सचा चालक गिअर बदलण्याऐवजी तंबाखू मळू शके, असे स्टँडवरचे लोक म्हणत. याउलट सपाट सातारा रस्त्यावर सुमो पाचव्या गिअरात अशी सुळकन जाई की ट्रॅक्सवाल्याने तिच्या मागच्या काचेवरचा देवाचा फोटो पाहत राहावे.

वडाप हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांस कदाचित नवा असेल. एस. टी.च्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, माणसे भरतील तशी सुटणारी, वाटेत हात केला तेथे थांबणारी खासगी गाडी म्हणजे वडाप. कायद्याने त्यात किती माणसे बसावी आणि प्रत्यक्षात किती बसत, हा विषय मी येथे काढीत नाही. शाळेत बेरीज शिकविणारा माणूस त्या गाडीत बसला की त्याने बेरीज विसरावी हेच बरे. मी वेल्हे तालुक्यात शिक्षक असताना भोरच्या घरी शनिवारी येणे व सोमवारी पहाटे परतणे हे बहुधा ट्रॅक्सनेच होई. ताडपत्रीच्या टपाखाली मांडीवर दुसऱ्याचे मूल आणि पायाशी तिसऱ्याची कोंबडी घेऊन मी अनेक वेळा रघुवंशाचा पाठ मनात घोळवीत गेलो आहे. धक्के बसत, पण प्रवास बिनघोर असे.

१९९२ च्या आषाढातली एक रात्र मात्र येथे सांगितली पाहिजे. आमच्या कुटुंबास सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली. तेव्हा असे काही नव्हते. पावसाने चार दिवस उघडीप दिलेली नव्हती आणि वीज गेलेली. रात्री साडेबाराच्या सुमारास मी वडाप चालविणाऱ्या एका गृहस्थाचे दार ठोठावले. तो काही न विचारता उठला. गाडीत सकाळी गिरणीस न्यावयाची आंबेमोहोर भाताची पोती भरलेली होती, ती उतरवूया म्हणताच तो म्हणाला, "गुरुजी, राहू द्या. मागं वजन आसलं की चाकं चिखलात पकडत्यात." पोत्यांवर घोंगड्या घालून त्यावर कुटुंबास निजविले, शेजारची एक वृद्ध सुईण सोबत बसली. विंझर व मार्गासनी मागे टाकून नसरापूरपर्यंत यावयास नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. एके ठिकाणी ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. त्याने गाडी थांबविली, उतरून काठीने पाणी मापले, परत येऊन पहिला गिअर टाकला आणि इंजिनाचा एकच सूर, ना चढता ना उतरता, राखून गाडी पलीकडे काढली. तो सूर मी अजून विसरलेलो नाही. गायकाने षड्ज धरून ठेवावा तसा तो होता.

पहाटे पुण्यास मुलगा झाला. सव्वा महिना त्याला जपावे लागले, पण वाचला. सकाळी मी त्या गृहस्थास पैसे किती द्यावयाचे विचारले, तेव्हा त्याने बोटे मोजून तीन शिटांचे भाडे मागितले. अधिक देऊ केले ते घेतले नाही, आणि कमी करूनही मागितले नाही. भाताची पोती त्याने परत जाताना गिरणीत टाकली.

सुमोचा आमच्या घरातील प्रवेश याहून थाटाचा. १९९६ साली आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, एकत्र कुटुंबाच्या पैशांतून ती घेतली. तिघा भावांनी आपापल्या प्राप्तीप्रमाणे भर घातली. माझी भर सर्वांत लहान होती. गावातील मुले सुमो म्हणजे जपानचा लठ्ठ मल्ल असे समजत, आणि तिची चौकोनी छाती पाहता तो समज अगदीच चुकीचा म्हणवत नसे. पण नाव पडले ते सुमंत मूळगावकरांवरून, त्यांच्या नावातील 'सु' आणि आडनावातील 'मू' यांच्या इंग्रजी अक्षरांवरून. टेल्कोचा पुण्याचा कारखाना ज्यांनी मनासारखा उभा केला ते हे गृहस्थ १९८९ साली निवर्तले, तेव्हा ही गाडी त्यांस पाहावयास मिळाली नाही. आपल्या एका थोर यंत्रज्ञाचे नाव लाखो गाड्यांच्या पाठीवर लिहिले गेले आणि ते ज्यांनी वाचले त्यांतील शंभरांत एकासही ठाऊक नाही, हे मला नेहमी थोडे लागते. पहिल्या तीन वर्षांतच अशा लाखावर गाड्या खपल्या.

सुमोने आमच्या घरासाठी काय केले? तिने घर एकत्र नेले. यापूर्वी तुळजापूरला जावयाचे तर दोन तुकड्या पडत. आधी कोणी व मागून कोणी, यावर रुसवेफुगवे. सुमो आल्यावर आई पुढच्या बाकावर, मधल्या बाकावर तिन्ही जावा, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुले, आणि टपावर वळकट्या, शेगडी, लाडवांचे डबे. महानसाचे दोन्ही अर्थ त्या टपावर एकत्र नांदत होते. आईने तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर, कोल्हापूर या चारही यात्रा तीत केल्या. ट्रॅक्समध्ये माणूस प्रवासी असतो, सुमोत तो घरातला असतो, असा माझा अनुभव. ट्रॅक्सचे दार पत्र्याच्या पेटीच्या झाकणासारखे लागते, सुमोचे दार घराच्या दारासारखे. हा काही यंत्रशास्त्राचा निकष नव्हे, पण घरातील स्त्रियांनी एकमताने दिलेला हा निर्णय मी डावलू शकत नाही.

दादा २०२३ साली गेले. पुढे दोन वर्षांनी वाड्याची वाटणी झाली. वाटणी गोडीने झाली असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि आमचीही बरीचशी तशीच झाली. तांब्यापितळेची भांडी वजनाने वाटली, खोल्या चिठ्ठ्या टाकून. देव थोरल्या पातीकडे गेले. सुमो मात्र वाटता येईना. त्यातच आमच्या मुलाने, ज्याचा जन्म वर सांगितला, वेल्ह्याकडून एक जुनी ट्रॅक्स विकत आणून मागच्या गोठ्यात उभी केली. गोठा सामाईक, आणि त्यात गाडी मावते एक. पुतण्याचे म्हणणे सुमो जपावी; मुलाचे म्हणणे ट्रॅक्स. दोघांनी जर्मनीस्वीडनपर्यंतचे दाखले दिले. पुण्याच्या एका संग्राहकाने सुमोस बरी किंमत देऊ केली, त्यामुळे तिसरी पाती म्हणू लागली, की विका आणि पैसे वाटा. शेवटी वयाने वडील म्हणून प्रश्न माझ्यापुढे आला.

येथे संग्राहकांच्या शास्त्राचा थोडा विचार करणे भाग आहे. २०२१ साली केंद्र शासनाने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची, फारसा फेरबदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिला निराळ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण ती रोजच्या कामास वापरता येत नाही. आमच्या सुमोस त्यासाठी २०४६ साल उजाडावे लागेल. तोवर तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावयाची, आणि वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी २०२५ च्या ऑगस्टपासून हे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे. म्हणजे म्हातारीने पन्नाशी गाठावी म्हणून मधली वीस वर्षे तिला पोसण्याची तयारी हवी. श्रीमंतांच्या मोटारी वापराविना जपल्या जातात, म्हणून पन्नाशी गाठतात. ट्रॅक्स आणि सुमो यांचे दुर्दैव असे, की त्या फार उपयोगी होत्या. जी गाडी उपयोगी ती झिजली, विकली गेली, पुन्हा झिजली, आणि शेवटी भंगारात तरी गेली किंवा एखाद्या मळ्यात कोंबड्यांची खुराडी होऊन बसली.

आणि 'मूळ गाडी' म्हणजे तरी काय? ग्रीस देशातील एका टॅक्सीवाल्याची १९७६ सालची मर्सिडीझ, आमच्या ट्रॅक्सच्या इंजिनाच्याच घराण्याची, ४६ लाख किलोमीटर चालून २००४ साली कंपनीच्या संग्रहात दाखल झाली. वाटेत तिची इंजिने अनेकदा बदलली होती. तरीही ती तीच गाडी असे सर्वांनी मानले, आणि ज्यांनी गीता वाचली आहे त्यांस यात अडचण वाटू नये. मग मुलाने आणलेल्या ट्रॅक्सचे दोन दरवाजे परके आहेत म्हणून पुतण्याने तिला बाटगी ठरवावी हे मला पटले नाही. त्याचे म्हणणे असे, की सुमोचा खिळाही बदललेला नाही. तेही खरे आहे. दादांनी तिची निगा अग्निहोत्रासारखी राखली होती.

माझे मत मी दोन भागांत सांगितले, कारण प्रश्नच दोन होते, आणि पोरे ते एक समजून भांडत होती. दोघींत सरस कोण, असे विचाराल तर ट्रॅक्स. ज्या मुलखात ती चालली त्या मुलखाच्या कसोटीवर तिने अधिक ओझे, अधिक वाईट वाटेने, अधिक वर्षे नेले. हे मी मुलाच्या जन्माची कृतज्ञता म्हणून सांगतो असे पुतण्यास वाटले, आणि तसे त्यास वाटू देण्यास माझी हरकत नाही. परंतु वडापच्या स्टँडवर ज्यांनी दोन्ही गाड्या चालविल्या त्यांतील बहुतेकांनी मला हेच सांगितले आहे. जपावी कोणती, असे विचाराल तर सुमो. ट्रॅक्सचा वंश चालू आहे. बजाज टेंपोचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले तरी क्रूझर या नावाने तिची लेकरे आजही निघतात, आणि तिचे सुटे भाग हाताशी आहेत. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले. तिच्यामागे तिच्या रूपाचे कोणी उरलेले नाही. आणि ट्रॅक्स गोठ्यात उभी करून तिच्यावर चादर घालणे म्हणजे धावत्या बैलास नुसते पोळ्यापुरते सजवून वर्षभर दावणीला ठेवणे होय.

मुलास हे एकदम रुचले नाही. "बाबा, मग मी ती आणली कशाला?" असे तो म्हणाला. मी म्हटले, "चालविण्यास." पुतण्याने विजय झाल्यासारखे तोंड केले, तेव्हा त्यास सांगितले की सुमो विकावयाची नाही याचा अर्थ ती तुझी झाली असा नाही. तिसऱ्या पातीस तिच्या हिश्शाची रक्कम दोघांनी मिळून द्यावयाची, आणि नोंदणी वहिनींच्या नावावर करावयाची. वहिनींस विचारले, तर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची काठी अजून मागच्या बाकाखाली आहे. ती तिथंच असू दे म्हणावं."

ट्रॅक्स हल्ली वेल्ह्यास मुलाच्या एका मित्राच्या खळ्यात असते आणि सुगीत केळदकडून भाताची पोती आणते. सुमो गोठ्यात आहे. तिच्या चाकांखाली पुतण्याने लाकडी फळ्या घातल्या आहेत, म्हणजे ओल लागत नाही. दर रविवारी इंजिन पाव तास चालवितो, आणि उंदीर तारा कुरतडतात म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधली आहे. गंजाची पहिली सुरुवात या गाड्यांत दाराच्या खालच्या कडेस होते, तेथे त्याने तेलाचा हात दिला आहे. गेल्या कार्तिकात तिच्यातून आम्ही नऊ जण नसरापूरच्या बनेश्वरास जाऊन आलो. वहिनी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. परतताना कापूरहोळपर्यंत ट्रॅक्स आमच्या मागे होती. पुढे भोरच्या चढाला मुलाने हॉर्न वाजवून वाट मागितली, आणि पुतण्याने ती दिली नाही.